पाणाड्याच्या वीस फेऱ्या

कडूबा गाडेकर पाणी दाखवायचा. अंबडहून शहागडकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की सात-आठ किलोमीटरवर तांबडवाडी लागते, तिथला तो. तळहातावर नारळ आडवा धरायचा, अनवाणी रानातून चालायचा आणि जिथं नारळ शेंडी वर करून उभा राहील तिथं टाच रोवायचा. बोअरची गाडी मग तिथंच लागायची. पस्तीस वर्षं हे चाललं होतं. मोबदला म्हणून टॉवेल-टोपी आणि चहा, त्यापलीकडं त्यानं कधी काही घेतलं नाही. परतूरपर्यंतची माणसं त्याला न्यायला येत. उषाबाई, त्याची बायको, म्हणायची, "निम्मं आयुष्य तुमचं लोकाच्या मोटारसायकलीवर मागं बसण्यात गेलं."

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बोअर घ्यायचं ठरलं. मुलींसाठी संडास बांधून दोन वर्षं झाली होती, पण पाण्यावाचून त्याला कुलूप होतं. जागा कडूबाच दाखवणार, यात कुणाला विचारण्यासारखं काही वाटलं नाही. एका सकाळी त्यानं शाळेच्या आवारात तीन चकरा मारल्या आणि झेंड्याच्या कट्ट्यामागं टाच रोवली. कारभारी लगेच पुढं झाला आणि त्यानं तिथं दगड ठेवला. कारभारी चाळिशीतला, पण कडूबा जिथं जाईल तिथं नारळाची पिशवी धरून सोबत असायचा.

संध्या खरात मॅडम शाळेत विज्ञान शिकवायच्या. रोज अंबडहून स्कूटीवर यायच्या. अंबडला त्यांचा पाच-सहा जणांचा एक गट होता. दर रविवारी हे लोक वाचनालयात जमायचे. कुठं कुणाच्या फोटोतून अंगारा गळतो, कुठं कुणी फुंकर घालून मूतखडा पाडतो, असं कानावर आलं की तिथं जायचे, बघायचे, विचारायचे आणि लिहून ठेवायचे. गावाला हे ठाऊक होतं. त्यामुळं मॅडम त्या दगडाजवळ येऊन उभ्या राहिल्या तसा कारभारी सावध झाला.

"आबा," मॅडम म्हणाल्या, "आजवर किती ठिकाणी पाणी दाखवलं तुम्ही?"

"मोजलंय कुणी? दोनशेच्या वर असतील."

"त्यातले कोरडे किती गेले?"

कडूबानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच थांबला. प्रश्नात टोमणा नव्हता. बाई खरंच विचारत होत्या. पाणी लागलं की लोक गुलाल घेऊन दारात यायचे, पेढे द्यायचे. नाही लागलं तर कुणी यायचंच नाही. जे आलेच नाहीत त्यांचा विचार त्यानं कधी केला नव्हता. कोरडा म्हणून एकच बोअर त्याच्या मनात रुतून बसला होता, तो सख्ख्या धाकट्या भावाचा, तातेरावचा. पाच वर्षांपूर्वी साडेचारशे फूट खाली जाऊनही शेवटी फुपाटाच उडाला, मोसंबीची बाग वाळून गेली आणि तेव्हापासून तातेराव समोर आला की मान वळवून निघून जायचा.

"गेले असतील चार-दोन," कडूबा म्हणाला.

कारभारी मध्ये पडला. "मॅडम, आबाची परीक्षा घेऊन राह्यल्या का तुमी?"

"घ्यायची आहे," मॅडम म्हणाल्या. "आबांची तयारी असली तरच. पाणी मुलांचं आहे. गाडी एकदाच येणार. त्याआधी नारळ तपासून घेऊ. आणि परीक्षा कशी घ्यायची तेही आबाच सांगतील."

कडूबाला राग आला नाही, उलट गंमत वाटली. पस्तीस वर्षांत कुणी असं म्हणालं नव्हतं. "घ्या की," तो म्हणाला. "बिलकुल घ्या. मला काय भ्याव?"

रविवारी मॅडमबरोबर दोघं आले. राजानंद हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, बोलायला शांत, खिशाला दोन पेनं. दुसरा रजत, अंबडला त्याचं पाईप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. रजतला बघून कडूबा खुलला. त्याच्या आजोबांच्या, राधेश्यामशेठच्या वेळेपासून तो त्या दुकानात जात होता. उषाबाईनं चहा केला आणि ओसरीवर बसून चौघांनी अटी ठरवल्या.

साठवलेलं पाणी चालणार नाही, वाहतं पाहिजे, असं कडूबा म्हणाला. राजानंदनी लिहून घेतलं. सकाळची वेळ पाहिजे. आसपास कुणाच्या पायात चामड्याची चप्पल नको. तेही लिहिलं.

"पाईप प्लास्टिकचा चालेल ना आबा?" रजतनं विचारलं. "जमिनीत पुरतो. दुसरं टोक ओढ्यात नेऊन पाणी सोडून देऊ, म्हणजे वाहतं राहील."

"चालंल. नारळाला पाण्याशी मतलब. दोन फूट खोल पुर."

"वीस फेऱ्या करू. कधी पाणी चालू असेल, कधी बंद. वीसपैकी किती बराबर येतील?"

"वीसच्या वीस." मग तो जरा थांबला. "अठरा लिवा. म्हातारा हात हाय."

राजानंद म्हणाले, "आबा, नुसतं अंदाजानं सांगितलं तरी दहाच्या आसपास बरोबर येतात. म्हणून तुमचे पंधरा जरी आले, तरी नारळात काहीतरी आहे हे मी स्वतः गावोगाव सांगत फिरेन."

"खरंच सांगताल?"

"तीस वर्षं तिकिटं फाडली, पण खोटं एक फाडलं नाही."

कडूबाला माणूस आवडला. त्यानं कागदावर सही केली.

परीक्षेच्या दिवशी अर्धं गाव शाळेच्या भिंतीवर चढून बसलं होतं. आदल्या दिवशी मैदानात चर खणून पाईप पुरला होता आणि वर माती सारखी केली होती. पाईपाचं एक टोक टँकरनं भरून घेतलेल्या टाकीला, दुसरं मागच्या ओढ्यात लांब. पाणी चालू-बंद करायचा वॉल होता खिचडी शिजवायच्या खोलीत. राजानंद आणि रजत आत बसणार, नाणं उडवणार, छापा आला तर वॉल चालू, काटा आला तर बंद. शिट्टी वाजली की कडूबानं पाईपावरून आडवं चालायचं. त्याच्याबरोबर मॅडम वही घेऊन चालणार, पण आत काय झालंय हे त्यांनाही कळणार नव्हतं.

"तुमाला काहून न्हाई सांगायचं?" कडूबानं विचारलं.

"मला माहीत असलं तर माझ्या तोंडाकडं बघून तुम्हाला कळेल. मी लपवायला गेले तरी कळेल."

आधी तीन फेऱ्या उघड्या झाल्या. पाणी चालू आहे हे सगळ्यांना सांगितलं आणि कडूबा चालला. पाईपाच्या रेषेवर पाय पडला तसा नारळ तळहातावर हलला, वळला आणि ताठ उभा राहिला. तिन्ही वेळा तसंच. भिंतीवरून टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात कारभारीच्या.

"आज नारळ नीट चालतोय ना आबा? काही अडचण?"

"काही न्हाई. एकदम बराबर चालून राह्यला."

मॅडमनी तेही लिहिलं. मग खोलीचं दार लागलं आणि पहिली शिट्टी वाजली.

पहिल्या पाच-सहा फेऱ्या कडूबा नेहमीच्या ऐटीत चालला. चालू. बंद. चालू. सातव्या फेरीला काय झालं कोण जाणे, रेषेवर पाय ठेवायच्या आधी त्याच्या मनात आलं की आता मागं दोनदा चालू झालंय, म्हणजे आता बंद असणार. आणि नारळ पडूनच राहिला. त्यानं "बंद" म्हटलं, पण पुढं चालताना त्याला कसंतरी वाटलं. आठव्या फेरीला त्यानं ठरवलं, मनात काही आणायचं नाही. पण काही आणायचं नाही म्हटलं की जास्तच येतं. तेराव्या फेरीला नारळ एवढ्या जोरात उठला की हातातून पडता पडता राहिला. त्यानं मोठ्यानं "चालू!" म्हटलं. असा जोर त्याला मोठ्या झऱ्यावरच यायचा. विसावी फेरी झाली तेव्हा थंडीतही त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

मॅडमच्या वहीतलं पान आणि खोलीतला कागद सगळ्यांसमोर शेजारी शेजारी ठेवले. राजानंद एक एक ओळ वाचू लागले आणि कारभारी जुळलेल्या फेरीला एक एक खडा बाजूला टाकू लागला. सुरुवातीला खडे पटापट पडले. मग थांबून थांबून पडले. तेराव्या ओळीवर राजानंदनी वाचलं, "आबा चालू. वॉल बंद." कडूबानं त्यांच्या हातातला कागद घेऊन स्वतः बघितला. वॉल बंद होता.

अकरा खडे झाले.

मग कारभारी उठला. "हे काय खरं न्हाई! पाईपातलं पाणी मेलेलं असतं. धरतीतल्या पाण्याची गोष्टच न्यारी!"

भिंतीवरून आवाज उठले. कुणी म्हणालं पोरांच्या बुटात चामडं होतं. कुणी म्हणालं मॅडमच्या वहीचंच काहीतरी असणार. राजानंद काही बोलायला गेले, मॅडमनी त्यांना हातानं थांबवलं.

कडूबा मैदानाच्या मधोमध उभा होता. गाव त्याला दोर टाकत होतं, त्यानं फक्त धरायचा होता. पाईपातलं पाणी मेलेलं असतं एवढं म्हटलं असतं तर उद्या पुन्हा कुणीतरी मोटारसायकल घेऊन दारात आलं असतं. पण सकाळच्या तीन फेऱ्या त्याच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

"कारभारी," तो म्हणाला, "सकाळी ते पाणी जित्तं होतं का?"

कारभारीनं हातातले खडे खाली टाकले.

"सकाळच्याला तीन येळा उठला, तव्हा तू टाळ्या वाजवल्या. त्याच पाईपातलं पाणी व्हतं. मला ठाऊक व्हतं तव्हा उठला. ठाऊक नव्हतं तव्हा चुकला." त्यानं कट्ट्याकडं हात केला. "झेंड्यामागचा तो दगड काढून टाका. तिथं पाणी हाय का न्हाई, मला म्हाईत न्हाई."

लोक पांगले. कडूबा शाळेच्या पायरीवर बसला. उषाबाई त्याच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली.

"मी लबाडी न्हाई केली मॅडम," तो म्हणाला.

"माहीत आहे. लबाड माणूस आजच्या दिवशी पाहुण्याच्या गावाला गेला असता."

"मंग त्याला उठवतं कोण?"

मॅडमनी स्कूटीची किल्ली काढून एका दोऱ्याला बांधली. "हा दोरा धरा. हात अजिबात हलवू नका. फक्त मनात म्हणा, किल्ली गोल फिरतेय."

कडूबानं दोरा धरला. किल्ली लटकली, स्थिर झाली, मग हळूहळू डुलायला लागली आणि थोड्या वेळानं चांगली गोल फिरू लागली. त्यानं हाताकडं बघितलं. हात जागचा हललेला दिसत नव्हता. "आता मनात म्हणा, पुढं-मागं." किल्लीनं गोल सोडलं आणि झोका घ्यायला लागली.

"आणा हिकडं," उषाबाई म्हणाली. तिच्या हातातही किल्ली फिरली. "थांब म्हनलं तरी थांबंना गं बाई!" ती हसायला लागली.

"हात हलतो," मॅडम म्हणाल्या, "पण इतका बारीक हलतो की आपला आपल्याला कळत नाही. मनात जे असतं तिकडं तो जातो. माझाही जातो. शिकल्या-सवरल्या सगळ्यांचा जातो."

कडूबानं पुन्हा दोरा घेतला आणि बराच वेळ किल्ली फिरवत बसला. "म्हंजी पस्तीस वर्षं," तो शेवटी म्हणाला, "मी माझ्याशीच बोलत व्हतो."

त्यानंतर दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून सरळ तातेरावच्या रानात गेला. तातेराव शेजाऱ्याच्या विहिरीवरून हरभऱ्याला पाणी देत होता. भावाला बघून त्यानं मान वळवली.

"तात्या, माझं आयकून घे, मंग वळव," कडूबा बांधावरूनच म्हणाला. "तुझ्या बोअरची जागा मला कळली नव्हती. मला वाटलं कळली. पर कळत न्हाई मला. तुझी बाग माझ्यामुळं गेली."

तातेरावनं खोऱ्यानं पाटाचं दारं मोडून पाणी दुसऱ्या वाफ्याला लावलं. मग म्हणाला, "पाच साल लागले तुला हे सांगायला."

"मलाच परवा कळलं."

तातेराव आला आणि बांधावर त्याच्या शेजारी बसला, दोन हात अंतर ठेवून. "एकशेवीस फुटाला लाल गेरू लागला व्हता," तो म्हणाला. "ओला. मी गाडीवाल्याला थांब म्हनलं. तू म्हनला, नारळ जोरात उठलाय, अजून खाली मोठं पाणी हाय. मंग खाली काळा पाषाण लागला, त्यो सरलाच न्हाई."

कडूबा त्याच्याकडं सरकला. "तुला आजून ध्यानात हाय?"

"कोरडा गेलेला बोअर कोण इसरतो? फुटाफुटाला काय लागलं ते सांगंल मी."

कडूबा तिथून उठला तो थेट शाळेत गेला. मधल्या सुट्टीची घंटा झाली होती. "मॅडम," तो म्हणाला, "तुमी कोरडे किती गेले इचारलं व्हतं. चला, मोजू."

पुढचे दोन महिने ते मोजत होते. कधी रजतची मोटारसायकल, कधी मॅडमची स्कूटी, कधी एसटी. कडूबा आठवून आठवून गावं सांगायचा आणि त्या त्या दारात जाऊन उभा राहायचा. पाणी लागलेल्या घरात पाट मांडून जेवायला वाढलं जायचं, तिथं त्याला अवघडल्यासारखं व्हायचं. कोरड्या घरात जायला पाय जड व्हायचे, पण तिथंच जास्त कळायचं. घनसावंगीच्या बाजूला एका वस्तीवर चांगुणाबाई नावाच्या म्हातारीनं त्याला अंगणातच झापलं. "आता व्हय तोंड दाखवायला आलास? बारा वर्सं झाली." तो उभा राहून ऐकत राहिला. सगळं बोलून झाल्यावर तिनं खाट टाकली आणि कुठल्या फुटाला मुरूम, कुठल्याला मांजऱ्या दगड, कुठं ओल आली आणि कुठं गेली, सगळं घडाघडा सांगितलं. राजानंदना लिहिताना पेन बदलावं लागलं.

एकशे ब्याऐंशी बोअर सापडले, प्रत्येकाची नकाशावर खूण केली. त्यातले चौऱ्याण्णव कोरडे, नाहीतर होळीच्या आत आटणारे. कडूबानं तो आकडा वाचला तेव्हा डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पण पुन्हा घातली आणि म्हणाला, "पुढं काय?"

पुढं मॅडम जालन्याहून एका निवृत्त भूवैज्ञानिकांना घेऊन आल्या. त्यांनी नकाशावरच्या खुणा बघितल्या, मग वही वाचली आणि वाचताना चष्मा कपाळावर चढवला. "ही माहिती एवढ्या बारकाईनं माझ्याकडंसुद्धा नव्हती," ते म्हणाले. ज्या बोअरना पाणी टिकलं होतं त्यातले बहुतेक जुन्या ओढ्यांच्या अंगाला होते आणि त्यांना शंभर ते दीडशे फुटांत लाल गेरू लागला होता. अडीचशेच्या खाली गेलेल्यांना क्वचितच काही मिळालं होतं. त्यांनी शाळेच्या आवारात फिरून ओढ्याकडचा कोपरा सांगितला. "इथं शक्यता चांगली आहे. खात्री मी देत नाही. गेरूखाली पाणी लागलं तर दोनशेला थांबा, लोभ धरू नका."

खात्री देत नाही म्हणणारा पाणी दाखवणारा गावानं पहिल्यांदाच बघितला. कारभारीला ते काही रुचलं नाही, पण चैत्रात गाडी लागली तेव्हा सगळ्यांच्या पुढं तोच उभा होता. एकशे एकतीस फुटांवर लाल चिखल आला आणि पाच-सहा फुटांनंतर पाणी. दीड इंची धार. पोरं भिजायला धावली, बायकांनी गुलाल आणला आणि कारभारीनं तो कडूबाच्या कपाळाला लावायला हात पुढं केला.

कडूबानं त्याचा हात धरला. "एका बोअरवरून काय ठरत न्हाई. उन्हाळाभर टिकतं का बघू. लावायचाच असला तर चांगुणाबाईला लाव, तात्याला लाव. त्यांच्या कोरड्या बोअरनं हे शिकवलं."

तातेराव तिथंच होता. कारभारीनं खरंच त्याला गुलाल लावला. तातेराव लाजला आणि त्यानं भावाच्या सदऱ्याच्या बाहीला कपाळ पुसलं.

मे महिन्यात पाणी कमी झालं, पण आटलं नाही. रजतनं शाळेच्या पत्र्यावरून पाईप उतरवून पावसाचं पाणी बोअरच्या बाजूला मुरवायची सोय केली. मुलींच्या संडासाचं कुलूप निघालं ते निघालंच.

जूनमधल्या एका रविवारी कडूबा अंबडच्या वाचनालयात बसला होता. आता तो दर रविवारी यायचा. राजानंदनी मोबाईलवर आलेला निरोप वाचून दाखवला. शहागडच्या बाजूला एका लिंबाच्या झाडातून दूध गळत होतं, झाडाखाली एक माणूस बसायला लागला होता आणि लोक बाटल्या भरून नेत होते.

"जायला पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "उद्या सुट्टी आहे मला."

"मीबी येतो," कडूबा म्हणाला. "पर त्या झाडाखालच्या माणसाशी आधी मला बोलू द्या."

"का आबा?"

"त्यो लबाडच असंल असं न्हाई. त्याला खरंच वाटत असंल. तसल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला बराबर म्हाईत हाय."

राजानंदनी वहीचं नवं पान काढलं आणि वर तारीख घातली.